कर्दळ मेली की झोपली? न्यू जर्सीच्या बागेत मे महिन्यात काय करायचं

एप्रिल संपता संपता न्यू जर्सीत डॅफोडिल फुलून सुकतात, शेजाऱ्यांच्या होस्टा वीतभर वर आलेल्या असतात आणि आपण गेल्या उन्हाळ्यात हौसेने जिथे कर्दळ, अळू, डेलिया लावले होते तिथे नुसती माती दिसते. मेचा पहिला आठवडा जातो, दुसरा जातो, तरी हालचाल नाही. नवीन माणसाचा धीर इथेच सुटतो. मग तो खुरपं घेऊन उकरतो आणि नुकता फुटलेला डोळा मोडतो, नाहीतर 'गेलं' म्हणून त्याच जागी नर्सरीतला पेटुनिया लावून मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच की १५ जूनपर्यंत जमिनीतल्या कुठल्याही कंदाला मेला म्हणायचं नाही. तोवर करण्यासारखं बरंच आहे आणि न करण्यासारखं त्याहून जास्त.

हे सगळं मध्य न्यू जर्सीच्या, म्हणजे एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर या पट्ट्याच्या हिशोबाने लिहिलंय. फिलाडेल्फिया किंवा लाँग आयलंडला फारसा फरक पडणार नाही. बॉस्टनकडे असाल तर सगळं आठवडा-दोन आठवडे पुढे ढकला.

आधी लेबलवरचा झोन बघा

नर्सरीतल्या प्रत्येक पेरेनियलच्या, म्हणजे वर्षानुवर्षे पुन्हा उगवणाऱ्या झाडाच्या, लेबलवर झोनचा आकडा असतो. तो यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या शेती खात्याच्या, नकाशावरून येतो आणि वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने किती थंड असते तेवढंच सांगतो. उन्हाळा, पाऊस, माती यांचा त्यात संबंध नाही. २०२३ मध्ये नवा नकाशा आला. त्यात आपला बराचसा पट्टा ७ए आणि ७बीमध्ये आहे. ७ए म्हणजे ती थंड रात्र ० ते ५ फॅरनहाइटची, सेल्सिअसमध्ये उणे १८ ते उणे १५. कर्दळीच्या आणि डेलियाच्या लेबलवर बहुतेक वेळा झोन ८ पासून पुढे असं लिहिलेलं असतं. म्हणजे ही झाडं आपल्याकडे काठावर आहेत. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून, जाड पालापाचोळ्याखाली असतील तर तगतात. उघड्या वाऱ्यावर असतील तर तगतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट लेबलवर नसते. कंद नुसत्या थंडीने जातात त्यापेक्षा थंडी आणि ओल एकत्र आली की जास्त जातात. आपल्या भागातली लाल, चिकट माती हिवाळ्यात पाणी धरून ठेवते. त्यामुळे एकाच गल्लीत एकाची कर्दळ दरवर्षी येते आणि दुसऱ्याची कुजते. छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे सोडलंय तिथे कंद लावला असेल तर नशिबाला दोष देऊ नका.

कोणाची वाट बघायची, कोणाची नाही

एक कागद घ्या आणि बागेत काय काय होतं ते लिहून काढा. जे घराबाहेर, जमिनीत होतं तेवढंच लिहा. आता त्याचे दोन भाग करायचे.

जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, सोनचाफा, अबोली यांतलं काही हिवाळाभर बाहेर राहिलं असेल तर ते संपलं. त्यासाठी १५ जूनची वाट बघू नका. मात्र इथे एक घोटाळा नेहमी होतो. नर्सरीत 'हिबिस्कस' नावाने तीन वेगळी झाडं मिळतात. एक आपली जास्वंद, चकचकीत गर्द पानांची, ती गोठली की मेली. दुसरं रोझ ऑफ शेरन, लाकडी खोडाचं झुडूप. हे थंडीला अजिबात घाबरत नाही, फक्त पालवी उशिरा धरतं. तिसरं म्हणजे ताटलीएवढ्या फुलांचं दलदलीतलं हिबिस्कस. हे मूळचं याच किनाऱ्याचं, खारट पाणथळ जागांच्या कडेला रानात वाढतं. ते हिवाळ्यात जमिनीपर्यंत पूर्ण वाळतं आणि सगळ्या बागेत सर्वात शेवटी उठतं, मेच्या अखेरीस, कधी जून उजाडल्यावर. त्याच्या वाळक्या काड्या बघून लोक ते उपटून टाकतात. एकदा उठलं की ऑगस्टपर्यंत कमरेच्या वर जातं. तेव्हा तुमचं कोणतं ते जुन्या लेबलवरून किंवा गेल्या वर्षीच्या फोनमधल्या फोटोवरून आधी ठरवा.

वाट बघण्यासारखी झाडं साधारण या क्रमाने उठतात. निळी-काळी सॅल्व्हिया मेच्या मध्याला. कर्दळ त्याच सुमारास किंवा थोडी नंतर. जमिनीत राहिलेला डेलिया, जर कुजला नसेल तर, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. अळू मेअखेर ते जूनचा मध्य. हळद लावली असेल तर ती अळूच्याही मागून, पण आपल्या थंडीत ती जमिनीत क्वचितच टिकते.

आणि घाणेरी. आपल्याकडे घाटात, माळरानावर जिला कोणी हात लावत नाही, ती इथे कुंडीत डॉलर मोजून मिळते. बहुतेक जाती इथे एकाच हंगामाच्या. 'मिस हफ' नावाची जात मात्र झोन ७ मध्ये तगते आणि मेच्या शेवटी-शेवटी बुडातून फुटते. लेबलवर हे नाव नव्हतं तर आशा सोडा.

मातीचा ताप मोजा

एप्रिलमध्ये एखाद्या दुपारी पारा पंचाहत्तर फॅरनहाइटला जातो, आपण टी-शर्टवर बाहेर पडतो आणि वाटतं, आता झाडांनाही समजलं असेल. कंद चार ते सहा इंच खाली असतो, तिथे अजून मार्च चालू असतो. उष्ण प्रदेशातल्या या कंदांना माती साधारण ६० फॅरनहाइट, म्हणजे १५-१६ सेल्सिअस झाल्याशिवाय जाग येत नाही.

मातीचा थर्मामीटर मिळतो. तो नसेल तर स्वयंपाकाचा, मांसात खुपसून बघायचा थर्मामीटरही चालतो, फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. सकाळी नऊच्या आत, कंदापासून हातभर लांब, चार इंच खोल खुपसा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, लागोपाठ चार-पाच सकाळी ६० दिसले पाहिजेत. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी कोंब अपेक्षित धरा. थर्मामीटरची कटकट नको असेल तर पिओनीकडे लक्ष ठेवा. आपल्या भागात ती मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुलते, आणि ती फुलली म्हणजे माती उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या लायक झाली असा जुन्या बागवानांचा ठोकताळा आहे.

माती लवकर तापवण्यासाठी एकच गोष्ट हातात आहे. थंडीसाठी घातलेला पालापाचोळा किंवा मल्च एप्रिलच्या मध्याला बाजूला सारा, म्हणजे ऊन थेट मातीवर पडेल. पण फेकू नका, तिथेच कडेला ढीग करून ठेवा. आपल्याकडे शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे रात्री गोठवणारी थंडी, साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात येतो, कधी मेच्या पहिल्या आठवड्यातही. इथले लोक मदर्स डे, म्हणजे मेचा दुसरा रविवार, उजाडेपर्यंत टोमॅटो लावत नाहीत ते याचसाठी.

आणि पाणी घालू नका. 'उठत नाही, तहानलं असेल' हा विचार मायेचा आहे, पण झोपलेल्या कंदाला मुळं नसल्यासारखीच असतात. घातलेलं पाणी त्याच्याभोवती साचून राहतं आणि तो कुजतो. वसंतातला पाऊस त्याला पुरतो.

जिवंत आहे का, हे कसं बघायचं

लाकडी खोडाची झाडं आधी. टोकापासून सुरुवात करून नखाने साल हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर चार बोटं खाली या आणि पुन्हा खरवडा. असं करत करत खाली जा. कुठेतरी हिरवं लागतंच, आणि नाही लागलं तरी बुड शिल्लक असतं.

अंजिरावर ही परीक्षा सगळ्यात छान समजते, कारण जिवंत भागाला ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. अंजिराचं झाड न्यू जर्सीत इटालियन लोकांनी रुजवलं. जुन्या मोहल्ल्यांतून अजूनही नोव्हेंबरमध्ये अंजिराला गोणपाट आणि जुनी ब्लँकेटं गुंडाळून वर बादली पालथी घातलेली दिसते. काही जण तर अख्खं झाड वाकवून चरात पुरतात. तुम्ही यातलं काही केलं नसेल आणि झाड जमिनीपर्यंत वाळलं असेल, तरी जूनमध्ये बुडातून चार-पाच जोमदार फुटवे येतात. जुन्या लाकडावरची पहिली फळं गेली. नव्या फांदीवरची धरतील, फक्त थंडीच्या आत पिकायला वेळ कमी मिळतो.

कंदांसाठी खुरपं नको, बोटं वापरा. गेल्या वर्षीच्या वाळक्या बुडख्याच्या बाजूची माती दोन बोटांनी अलगद दूर करत जा. कर्दळीचा गड्डा जिवंत असेल तर कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागतो. त्याच्या कडेला शेंगेच्या टोकासारखा टोकदार डोळा असतो, हिरव्या पानांच्या जातीत पांढुरका-गुलाबी, तांबड्या पानांच्या जातीत गर्द किरमिजी. एवढं दिसलं की माती परत सारून हात झटका आणि घरात जा. गड्डा बोटाने दबत असेल, साल सुटून येत असेल आणि आंबूस वास येत असेल तर तेवढा भाग गेला. पण पूर्ण गड्डा गेला असं लगेच धरू नका. मधला जुना भाग कुजतो आणि कडेचे नवे डोळे शाबूत राहतात, असं कर्दळीत नेहमी होतं.

डेलियाचं गणित वेगळं आहे. त्याचे रताळ्यासारखे कंद कितीही टणक आणि टवटवीत दिसले तरी त्यांच्यावर डोळा नसतो. डोळे फक्त गळ्याशी, जिथे कंद जुन्या खोडाला मिळतो तिथे असतात. गळा मोडलेला कंद जमिनीत महिनोन्‌महिने तसाच पडून राहील, सडणार नाही आणि फुटणारही नाही.

सॅल्व्हिया आणि घाणेरी यांच्या वाळक्या काड्या बुडातून कोंब दिसेपर्यंत कापू नका. पोकळ काडी वरून कापली की तिच्यातून पाणी थेट बुडात उतरतं. बाग अस्ताव्यस्त दिसते खरी, आणि एचओएवाल्यांचं, म्हणजे वस्तीच्या सोसायटीचं, पत्र येण्याची शक्यताही असते, पण महिनाभर दम धरा.

कोंब आला, आता जपा

पहिला धोका थंडीच्या उलट्या फेरीचा. कोंब वर आल्यावर फ्रॉस्टचा इशारा आला तर संध्याकाळीच जुनी चादर किंवा तो बाजूला ठेवलेला पालापाचोळा वर टाका. प्लॅस्टिक टाकाल तर ते पानांना टेकता कामा नये, टेकलेली जागा गोठते. सकाळी ऊन आलं की लगेच काढा. एवढं करूनही वरचं पान काळं पडलं तर घाबरू नका, गड्ड्यात आणखी डोळे असतात.

दुसरा धोका गोगलगायींचा, म्हणजे बिनशंखाच्या, ज्यांना इथे स्लग म्हणतात. डेलियाचा कोवळा कोंब त्यांना इतका आवडतो की रात्रीतून तो नाहीसा होतो आणि आपल्याला वाटतं, उगवलंच नाही. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन बघा, सापडतील. हाताने वेचा, किंवा आयर्न फॉस्फेटचे दाणे टाका. ससे, हरणं आणि ग्राउंडहॉग यांच्यासाठी दोन फूट व्यासाची बारीक जाळीची कुंपणी करून कोंबाभोवती उभी करा. हरणाला ती अडवणार नाही, पण सशाला अडवते.

खत कधी? कोंब वीतभर होईपर्यंत नाही. त्यानंतर बुडाभोवती दोन मुठी कंपोस्ट पसरा. कर्दळ आणि अळू ही खादाड झाडं, त्यांना पुढेही दर तीन-चार आठवड्यांनी द्या आणि आता पाणीही सढळ हाताने. डेलियाला नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात, फुलं रुसतात. डेलिया फूटभर वाढला आणि पानांच्या चार जोड्या झाल्या की तिसऱ्या जोडीच्या वरचा शेंडा खुडा. जीवावर येतं, पण मग झाड बाजूने फुटतं. काठीही याच वेळी रोवा, नंतर रोवायला गेलात तर नेमकी कंदात घुसते.

कर्दळीची गर्दी झाली असेल तर गड्डे फोडायची हीच वेळ, कोंब बोटभर असताना. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवा, चार इंच खोल लावा. पानांवर पिवळ्या रेघा किंवा ठिपके उमटत असतील आणि दरवर्षी उमटत असतील तर तो विषाणू असण्याचा संभव फार. तो गड्डा वाटू नका, कचऱ्यात टाका.

अळूबद्दल एक सूचना, कारण कोवळं पान बघितलं की वडीची आठवण होतेच. नर्सरीत 'एलिफंट इअर' म्हणून जे विकतात त्यात शोभेचे बरेच प्रकार येतात. त्यातले काही खाण्याचे नाहीतच, आणि त्या रोपांवर काय फवारलंय तेही आपल्याला कळत नाही. वडीसाठी अळू हवा असेल तर ओळखीच्या घरातून, जिथे तो खाल्ला जातो तिथूनच कंद आणा. इंडियन ग्रोसरीतल्या अळकुड्याही कुंडीत टाकल्या तर उगवतात. खाण्याचा अळूसुद्धा चिंच घालून नीट शिजवल्याशिवाय घशाला लागतो, हे सांगायला नको.

घरातल्या कुंड्या बाहेर काढताना

कढीपत्ता एप्रिलमध्ये खराटा झालेला असतो. हीटिंगची कोरडी हवा, अपुरं ऊन, त्यामुळे पानं गळतात. खोडाला नख लावून बघा, हिरवं असेल तर चिंता नको. पानांच्या मागे आणि काड्यांच्या बेचक्यात मात्र बघा. बारीक जाळी दिसली तर कोळी-कीड, तपकिरी खवले चिकटलेले दिसले तर खवले-कीड. बाहेर काढण्याआधी साबणाच्या पातळ पाण्याने धुऊन घ्या.

रात्रीचं तापमान सलग आठवडाभर ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या वर राहायला लागलं की कुंड्या बाहेर. मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या, सुमारास हे निश्चित झालेलं असतं. पहिले तीन-चार दिवस पूर्ण सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, आणि आठवडा-दहा दिवसांनी पूर्ण उन्हात. हिवाळाभर खिडकीमागे राहिलेलं पान थेट उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत पांढरं पडतं. जास्वंद आणि मोगरा यांचीही हीच रीत. जास्वंदीच्या लांबलेल्या फांद्या याच वेळी तिसऱ्या हिश्शाने कमी करा. कढीपत्त्याचे शेंडे खुडा, प्रत्येक खुडलेल्या शेंड्याखाली दोन फुटवे येतात. मोठी कुंडी हवी असेल तर एकच माप वाढवा, दुप्पट नाही.

फ्लोरिडातल्या नातेवाइकांकडून कढीपत्त्याचं रोप गाडीत घालून आणायचा बेत असेल तर तो सोडा. संत्र्या-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर पोसते, म्हणून तिथून रोपं बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. रोप इथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्या.

तोवर रिकामी जागा

वाट बघायची म्हणजे जागा ओसाड ठेवायची असं नाही. जिथे कंद आहे तिथे आधी एक काठी रोवा, नाहीतर आपणच तिथे खड्डा करतो. त्या काठीपासून हातभर लांब, मेच्या अखेरीस झेंडूचं बी टाका. दोन-अडीच महिन्यांत फुलायला लागतो आणि पहिला फ्रॉस्ट येईपर्यंत थांबत नाही. तो फ्रॉस्ट आपल्याकडे बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, म्हणजे दसऱ्याला तोरण घरच्या फुलांचं होतं. दिवाळीचा भरवसा नाही.

१५ जून उलटला आणि काठीपाशी काहीच नाही, तर मात्र खुशाल फावडं घ्या आणि खणा. कंद घट्ट निघाला (आणि डेलिया असेल तर गळा शाबूत असला) तर जागा चुकली आहे, ओल किंवा सावली जास्त आहे. तो उन्हात, थोड्या उंचवट्यावर लावून बघा. लगदा निघाला तर त्याभोवतीची माती मोकळी करा, कंपोस्ट मिसळा, आणि यंदा तिथे ओल सोसणारं ते दलदलीतलं हिबिस्कस लावा.

नवे कंद घेतलेत तर पुढच्या शरद ऋतूत ते जमिनीत ठेवायचे की बाहेर काढायचे हे आत्ताच ठरवा. डेलिया आपल्या चिकट मातीत ठेवू नये, हे माझं ठाम मत. पहिल्या फ्रॉस्टने पानं काळी पडली की खणून, माती झटकून, किंचित दमट लाकडी भुशात बेसमेंटच्या थंड कोपऱ्यात ठेवायचा, ४० ते ५० फॅरनहाइटमध्ये. अळूला थोडी जास्त ऊब लागते, पन्नाशीच्या वर. कर्दळ दक्षिणेच्या भिंतीशी असेल तर राहू द्या, वर फूटभर ओक-मेपलची पानं आणि ती उडू नयेत म्हणून जाळी. निम्मे गड्डे बेसमेंटमध्ये आणि निम्मे जमिनीत ठेवले तर हिवाळा कसाही गेला तरी बियाण्यापुरते उरतात.